चतुर्थीला दहा दिवस: शाडू की प्लास्टर?

घरचा गणपती यंदा आपणच करायचा, हे आषाढात ठरतं आणि हात लागतो तो चतुर्थीला 10 दिवस उरल्यावर.

वेळेच्या हिशेबात प्लास्टर ऑफ पॅरिस सरळ जिंकतं. पाण्यात कालवलं की 15-20 मिनिटांत घट्ट. पेणच्या कारखान्यांचा वेग त्यावरच उभा आहे. पण त्याला साचा लागतो. म्हणजे मूर्ती घडवलीच नाही, नुसती ओतली. शिवाय विसर्जनानंतर ती पाण्यात विरघळत नाही.

शाडूचं खरं दुखणं वाळण्याचं. घडवायला दोन दिवस पुरतात, पण पावसाळी दमट हवेत फूटभर मूर्ती वाळायला आठवडाही कमी पडतो. घाईने उन्हात किंवा हीटरसमोर ठेवली, की पहिला तडा सोंडेला! म्हणून उंची 6 इंचांवर नको, पोट खालून कोरून पोकळ करा, सावलीत पंखा लावा. बारीक भेग शाडूच्याच पातळ लापीने बुजते. आत ओल असताना रंग दिला तर पोपडे निघतात. अगदीच वेळ नसेल तर फक्त डोळ्यांची आखणी आणि गंध. करड्या मातीचा तो बाप्पा मला तरी रंगवलेल्यापेक्षा देखणा वाटतो.