पहिल्यांदा डिस्क गोल्फ: ओक ग्रोव्ह, एल डोराडो की मॉर्ली फील्ड?

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कुणी डिस्क गोल्फ सुरू करायचं म्हटलं की जुनेजाणते खेळाडू हमखास ओक ग्रोव्हचं नाव घेतात. खेळाचं माहेरघरच ते, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. पण माहेरघर पाहायला जाणं वेगळं आणि हातात पहिल्यांदा डिस्क धरून तिथे खेळणं वेगळं. पासाडेनाजवळचं ओक ग्रोव्ह, लाँग बीचचं एल डोराडो पार्क आणि सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमधलं मॉर्ली फील्ड ही तिन्ही मैदानं नवख्यांसाठी चांगली म्हणून सांगितली जातात. तिन्ही चांगली आहेतही. फक्त नवखे सगळे एकाच प्रकारचे नसतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टी नावाच्या ठरलेल्या जागेवरून फ्रिस्बीसारखी डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक करायची, असं करत करत साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटपर्यंत पोहोचायचं. डिस्क बास्केटमध्ये बसली की तो होल संपला. असे साधारण अठरा होल. सगळ्यात कमी फेकी ज्याच्या, तो जिंकला. चौघांचा गट असेल तर दीड-दोन तास लागतात. क्लबचं सदस्यत्व लागत नाही, कॉलरचा शर्ट लागत नाही, चालायचे बूट पुरतात.

मैदान निवडताना लोक 'सोपं आहे का?' असं विचारतात. त्यातून फारसं कळत नाही. त्यापेक्षा विचारा, की तिथे वाईट फेकीचं काय होतं? कारण सुरुवातीला बहुतेक फेकी वाईटच असणार आहेत. नवखा माणूस दीडशे-दोनशे फूट फेकतो, तीही सरळ जात नाही. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढत, फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे वळते. हा तिचा स्वभाव आहे, यात तुमचा दोष नाही. म्हणजे टीवर उभं राहिल्यावर आधी डावीकडे काय आहे ते पाहावं. सपाट गवत असेल तर ठीक. झाडोरा किंवा उतार असेल तर पुढची दहा मिनिटं शोधाशोधीत जाणार असं समजावं.

या कसोटीवर एल डोराडो सरळ पुढे जातं. लाँग बीचचं हे मोठं सार्वजनिक उद्यान आहे. जमीन सपाट, पायाखाली गवत, झाडं आहेत पण विरळ. फेक भलतीकडे गेली तरी डिस्क दिसत राहते. मुलं बरोबर असतील, ढकलगाडीतलं बाळ असेल, किंवा पुण्याहून आई-बाबा उन्हाळ्यात राहायला आलेले असतील, तर दुसरीकडे कुठे जायचा विचारही करू नका. आई-बाबांना खेळायचं नसेल तरी बरोबर चालता येतं, कंटाळा आला तर झाडाखाली बसता येतं. डबा नेलेला असला तर मैदानाबाहेरच्या हिरवळीवर उघडावा. दोन होलच्या मधोमध सतरंजी अंथरून थालीपीठ काढलंत तर कुणाची तरी डिस्क लोणच्यात पडेल.

एल डोराडोची एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मोकळं म्हणजे सोपं असं नसतं. झाडं नसलेल्या मैदानात अवघडपणा अंतरातून येतो. पट्टीचा खेळाडू एका फेकीत बास्केटजवळ पोहोचतो तिथे तुम्हाला तीन फेकी लागतील, आणि सहाव्या होलपर्यंत खांदा बोलायला लागेल. त्यातून समुद्र जवळ असल्यामुळे दुपारनंतर वारा सुटतो. समोरून येणारा वारा हलकी डिस्क उचलून उलटी करतो. यावर उपाय सोपा आहे, फक्त लोक लाजतात. लांब होलवर टीवरून सुरू न करता चालत पुढे जा, बास्केट दीड-दोनशे फुटांवर आली की तिथून पहिली फेक करा. स्पर्धा नसताना हे करायला कुणाची हरकत नसते. मुलांसाठी तर तीच खरी टी. आणि मागून येणाऱ्या गटालाही तुम्ही लवकर पुढे सरकल्याचा आनंदच होतो.

आता ओक ग्रोव्ह. एड हेड्रिक हा माणूस व्हॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीवर काम करायचा. फ्रिस्बीच्या पाठीवर जे बारीक उंचवट्याचे गोल असतात, ज्यांच्यामुळे ती हवेत स्थिर राहते, ते त्याच्या पेटंटमधले. 1975 मध्ये त्याने ला कन्याडा फ्लिंट्रिज इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये जगातलं पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान उभं केलं. सुरुवातीला नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायला लागले, तेव्हा साखळ्या आणि खाली बास्केट ही कल्पना आली. आज जगभर हेच बास्केट दिसतं. 1976 मध्ये त्यानेच व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, सुरू केली. 2002 मध्ये तो गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार करण्यात आल्या. इतकं वेड असलेल्या माणसाचं हे मैदान.

या पार्कचं आजचं नाव हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क. शेजारीच नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. तिथे काम करणारे मराठी लोक कमी नाहीत, त्यामुळे 'ऑफिसच्या शेजारीच आहे की' म्हणून सुरुवात इथूनच करण्याचा मोह होतो. मैदान फुकट आहे, जुन्या ओकच्या झाडांची सावली दाट आहे, आणि आजच्या मानाने बरेच होल आखूड आहेत. कागदावर नवख्यासाठी याहून चांगलं काय?

अडचण त्या सावलीतच आहे. ओकच्या फांद्या खाली वाकलेल्या असतात. आखूड होलवर अंतराचा प्रश्न नसतो, पण दोन खोडांमधल्या फटीतून डिस्क काढावी लागते, आणि नवख्याला नेमकं तेच जमत नाही. डिस्क खोडाला आपटून मागे येते आणि तुम्ही होतात तिथेच राहता. असं सलग चार होलवर झालं की बरोबर आलेला मित्र फोन काढून बसतो. जमीन धुळीची आणि दगडांची आहे. नवी डिस्क पहिल्याच दिवशी कडेने खरवडून निघेल. आणखी एक, झाडोऱ्यात हात घालण्याआधी पाहा. कॅलिफोर्नियाच्या दऱ्याखोऱ्यांमध्ये पॉयझन ओक सर्रास उगवतं. तीन-तीन पानांची जुडी दिसली तर डिस्क काठीने ओढा. त्वचेला त्याचं तेल लागलं तर पुरळ आणि खाज पुढचे कित्येक दिवस पाठ सोडत नाही. उन्हाळ्यात रॅटलस्नेकही असतात. घाबरून जायचं कारण नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला 'जा, डिस्क घेऊन ये' असं म्हणायची ही जागा नव्हे.

तरीही ओक ग्रोव्ह एका प्रकारच्या नवख्यासाठी उत्तम आहे. ज्याचा हात आधीपासून तयार आहे त्याच्यासाठी. लहानपणी नदीच्या पाण्यावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या मारल्या असतील, तर मनगटाचा तोच झटका इथे फोरहँड म्हणून चालतो. फोरहँडने फेकलेली डिस्क उजवीकडे वळते, म्हणजे बॅकहँडच्या उलट. दोन्ही येत असतील तर झाडांच्या फटी अचानक रुंद वाटू लागतात. कॉलेजात अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळलेल्यांनाही इथे मजा येईल. बाकीच्यांनी महिनाभर दुसरीकडे हात साफ करून मग यावं. या मैदानाची किंमत तेव्हा जास्त कळते.

मॉर्ली फील्डची गोष्ट निराळी. बाल्बोआ पार्कच्या ईशान्य कोपऱ्यातलं हे मैदान जुनं आहे आणि इथे खेळायला पैसे पडतात. फार नाही, काही डॉलर. पण फुकट मैदानं असताना पैसे का द्यायचे, हा आपला पहिला प्रश्न असतो. उत्तर असं की इथे दुकान आहे. डिस्क विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. काउंटरवरच्या माणसाला 'पहिल्यांदाच आलोय' असं सांगितलं की तो तुमच्या हातात बरी डिस्क ठेवतो. एकही डिस्क विकत न घेता हा खेळ आपल्याला आवडतो का ते पाहायचं असेल, तर ते काही डॉलर स्वस्त पडतात. देखरेख करायला माणसं असल्यामुळे मैदान नीट राखलेलं असतं, आणि बास्केटच्या जागा अधूनमधून बदलल्या जातात. म्हणून नेहमी येणाऱ्यांनाही कंटाळा येत नाही.

आणि नेहमी येणारे भरपूर आहेत. मॉर्लीचा तोटा तोच. शनिवार-रविवारी टीवर रांग लागते. तुम्ही तिसऱ्यांदा फेकत असता तेव्हा मागचे चौघे हाताची घडी घालून उभे असतात. ते काही बोलत नाहीत, पण नवख्याचा हात तेवढ्यानेच आखडतो. त्यांना सरळ पुढे जाऊ द्यावं. 'तुम्ही आधी खेळा' असं म्हणून बाजूला झालात तर उलट ते खूश होतात, आणि त्यांची फेक जवळून पाहायला मिळते हा तुमचा फायदा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावं. दुपारच्या उन्हात कोरडी, कडक जमीन तापते, आणि कडेवर आदळलेली डिस्क चाकासारखी उभी घरंगळत भलतीकडेच जाते.

अर्व्हाइनला राहणाऱ्यांना लाँग बीच जवळ, सॅन डिएगो लांब. त्यामुळे त्यांच्यासाठी हा निर्णय अर्धा झालेलाच आहे. पासाडेनाकडच्यांची खरी पंचाईत. दहा मिनिटांवर ओक ग्रोव्ह असताना तासभर गाडी चालवून लाँग बीचला जायचं का? पहिल्या वेळी घरचे सगळे बरोबर असतील तर हो. एकटेच जाणार असाल तर ओक ग्रोव्हला जा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि अठरा होल पूर्ण करायचा हट्ट न धरता. नऊ होल खेळून परत आलात तर कुणी विचारणार नाही. सॅन डिएगोच्या लोकांनी मॉर्लीशिवाय दुसरीकडे पाहायची गरज नाही. आणि एखादं मित्रमंडळ गणपती झाल्यावर सगळ्यांना एकत्र खेळायला न्यायच्या विचारात असेल, दहा मोठे आणि सात मुलं, तर एल डोराडोच. तेही चार-चारचे गट करून. सतरा जणांचा घोळका एकाच टीवर गेला तर मैदानावर वाहतूक कोंडी होते.

मैदानापेक्षाही नवख्याचा दिवस बिघडवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दुकानातून आणलेली चुकीची डिस्क. डिस्क गोल्फची डिस्क समुद्रकिनाऱ्यावरच्या फ्रिस्बीहून लहान, जड आणि कडेला धारदार असते. तिच्यावर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. पहिला आकडा 11-12 असलेली डिस्क सगळ्यात लांब जाते असं वाचून लोक तीच घेतात. ती लांब जाते ती तेवढ्या जोराने फेकणाऱ्याची. हळू फेकली तर हातातून सुटताच डावीकडे आपटते. सुरुवातीला पहिला आकडा 2 ते 5 च्या आतला असावा. एक पटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची, आणि एक मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची, एवढंच पुरतं. इनोव्हा कंपनीची एव्हिएअर किंवा डिस्क्राफ्ट कंपनीची बझ या वर्षानुवर्षं चाललेल्या डिस्क आहेत. साध्या प्लॅस्टिकमध्ये घ्या, दहा डॉलरच्या आसपास मिळते. महागडं चकचकीत प्लॅस्टिक टिकाऊ असतं, पण ओक ग्रोव्हच्या झाडीत हरवायला स्वस्तातलीच बरी. मुलांसाठी वजन पाहा, 150 ग्रॅमच्या आसपासची त्यांना झेपते.

रीत फार नाही. पुढचा गट तुमच्या टप्प्यात असेल तर थांबायचं. फेक कुणाच्या दिशेने गेली तर जोरात 'फोर' ओरडायचं. हे मैदान म्हणजे सार्वजनिक उद्यान आहे हे विसरायचं नाही, कारण कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाईंना आपण होलच्या मधोमध उभ्या आहोत हे ठाऊक नसतं. त्या पलीकडे जाईपर्यंत वाट पाहायची. बास्केटपासून दहा मीटरच्या आत आलात की फेकल्यावर तोल जाऊन पुढे पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. पहिल्या दिवशी तो सोडून द्या.

निघण्यापूर्वी पार्क उघडं आहे ना एवढं पाहून घ्या. वणवा, वादळी वारा किंवा झाडं तोडण्याचं काम यामुळे या भागातली उद्यानं मध्येच बंद असतात. आणि डिस्कच्या पोटाकडच्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. सापडलेल्या डिस्कच्या मालकाला फोन करायची पद्धत या खेळात चांगली रुजलेली आहे, तीन आठवड्यांनीसुद्धा कुणाचा तरी मेसेज येतो. नाव हौसेने देवनागरीत लिहिलंत तरी चालेल, फोनचे आकडे मात्र इंग्रजीत लिहा.