पॉइंटर फिरतोय, क्लिक लागत नाही: 'बोर्ड गेला' म्हणून होणारी फसवणूक

पॉइंटर पडद्यावर हवा तसा फिरतो, पण क्लिक काही लागत नाही. टचपॅडचं नाही, बाहेरून जोडलेल्या माऊसचंही नाही. लॅपटॉप सात-आठ वर्षं वापरलेला. दुकानात नेला की दोन मिनिटांत निदान होतं, तेही मदरबोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीचं: "दोन्ही बंद आहेत म्हणजे बोर्ड गेला. चिप-लेव्हल काम आहे, ठेवून जा." ऐकणाऱ्याला ते पटतं, कारण दोन वेगळ्या वस्तू एकाच दिवशी कशा बिघडतील? या पटण्यावरच सगळा खेळ चालतो.

साधा माऊस दर वेळी संगणकाला जो निरोप (पाकीट) धाडतो तो किमान 3 बाइटचा असतो. पहिल्या बाइटमध्ये बटणांची स्थिती, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. जुन्या पीएस/2 पद्धतीच्या (यूएसबीआधीच्या जोडणीच्या) टचपॅडचं साधं पाकीटही 3 बाइटचंच, आणि डावं, उजवं, मधलं बटण पहिल्याच बाइटमध्ये. हालचाल आणि क्लिक अशी एकाच पाकिटातून येतात. पॉइंटर फिरतोय म्हणजे पाकीट पोचतंय. बोर्ड त्यातली हालचाल पुढे देतो आणि नेमकं बटण तेवढं गिळतो, आणि तेही दोन वेगळ्या मार्गांवर, हे जवळजवळ अशक्यच. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर तो कच्चा आहे, आणि ठाऊक असूनही बोर्डाचं बिल करत असेल तर लबाड.

मग दोन्ही एकदम का बंद पडतात? बहुतेक वेळा कुठलं तरी एक बटण सतत दाबलेलं राहतं. विंडोजसारख्या प्रणालीच्या लेखी डावं बटण आधीच खाली असतं, त्यामुळे तुमचा नवा क्लिक तिला नवा वाटतच नाही. पॉइंटर नुसता फिरवला तरी मजकूर निवडला जाणं, चिन्हं ओढली जाणं ही याची खूण. आणि जुन्या लॅपटॉपात बटण दाबून धरणारा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टचपॅडखालची फुगलेली बॅटरी. लिथियम बॅटरीच्या पाकिटात वायू साठतो, ते फुगतं आणि टचपॅडला खालून रेटतं. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून कोपरे हलके दाबून पाहा. डुलतोय? टचपॅडची एक कड वर आली आहे? क्लिकचा 'टक्' आवाज गेला आहे? तळाच्या झाकणाला फट पडली आहे? यातलं एक जरी दिसलं तरी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि वापरू नका. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

फसवणूक होते ती इथेच. दुकानात मागचं झाकण उघडतं, फुगलेली बॅटरी दिसते. ती काढली की क्लिक लगेच लागतो. काही ठिकाणी तेवढंही करत नाहीत, नुसती टचपॅडची चपटी केबल सॉकेटमधून उपसतात. मग बाहेरचा माऊस चालू होतो आणि बिल लागतं बोर्डदुरुस्तीचं. घरी आल्यावर कळतं की टचपॅड मेलेलं आहे, किंवा चार्जर काढताच लॅपटॉप जागच्या जागी बंद पडतो.

बॅटरी ठीक असेल तर दुकानाआधी घरी थोडं तपासा. आधी पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये नुसतं 'शट डाऊन' पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर जुनी स्थिती थोडी उरते. 'रीस्टार्ट' द्या. सगळ्या यूएसबी वस्तू आणि वायरलेस माऊसचा डोंगल (यूएसबीत खोचलेला छोटा रिसीव्हर) काढा, ब्लूटूथ बंद करा. बॅगेत चेपलेला, बटण दाबलेल्या अवस्थेतला विसरलेला माऊसही हाच त्रास देतो, आणि तो सापडेपर्यंत लोक अर्धा लॅपटॉप उघडून बसलेले असतात. मग कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, बाणांच्या कळांनी 'विंडोज एक्सप्लोरर'वर जा, शिफ्ट + एफ10 दाबून 'रीस्टार्ट' निवडा. एखाद्या प्रोग्रॅमची न दिसणारी खिडकी सगळ्यांच्या वर बसून क्लिक खात असेल, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू केल्यावर, तो त्रास सहसा राहत नाही. टचस्क्रीन असेल तर विंडोज + एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि टचस्क्रीन 'डिसेबल' करा. बिघडलेला काच-थर स्वतःच खोटे स्पर्श पाठवतो. जुन्या मॅकबुकवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या पॉइंटर कंट्रोलमध्ये माऊस जोडलेला असताना अंगचा ट्रॅकपॅड दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर माऊसचे क्लिक लागले, तर दोष ट्रॅकपॅडचा किंवा त्याखालच्या बॅटरीचा.

निकाल लावणारी चाचणी मात्र पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करण्याची, काहीही इन्स्टॉल न करता. तिथे क्लिक लागला तर दोष विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (टचपॅड-माऊस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), आणि कुणालाही लॅपटॉप उघडू द्यायची गरज नाही. तिथेही नाही लागला तर बायोसमध्ये, म्हणजे प्रणाली सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, अंगचं टचपॅड बंद करण्याची सोय आहे का पाहा. ते बंद करून फक्त माऊस चालला तर बोर्डाचं नाव काढणाऱ्याला तुमच्याकडे सरळ उत्तर आहे.

तरी दुकानात द्यावंच लागलं, तर पावतीवर नुसतं 'क्लिक चालत नाही' असं लिहून घेऊ नका. 'पॉइंटर चालतो, क्लिक नाही. बॅटरी आणि टचपॅडची केबल समोर तपासावी. काढलेला भाग परत द्यावा' असं लिहा. एमएसइन्फो32 (यंत्राची माहिती दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडून रॅम आणि डिस्कच्या माहितीचा फोटो घ्या. गेटमॅक कमांड चालवून तिथे दिसणारे नेटवर्क-चिपांचे पत्ते टिपून ठेवा. तारेच्या नेटवर्कचा पत्ता सहसा बोर्डावरच्या चिपचा असतो. 'बोर्ड बदलला' म्हणूनही तो तोच निघाला, तर बदललेला बोर्ड कुठला ते विचारा. खरोखर बोर्ड बदलला असेल तर विंडोजचं ॲक्टिव्हेशन सुटण्याची शक्यता असते, आणि बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाते. त्यामुळे ती की आधीच बाहेर जपून ठेवा.

दुसरी टोळी फोनवरची. शोधात वर दिसणाऱ्या 'हेल्पलाइन'ला फोन लावला की ते दूरनियंत्रणाचं ॲप टाकायला लावतात, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) उघडतात आणि तिथल्या पिवळ्या-लाल नोंदी दाखवून 'व्हायरसने क्लिक अडवलेत' म्हणतात. तशा नोंदी चांगल्या चालणाऱ्या संगणकातही ढिगाने असतात. शिवाय फुगलेली बॅटरी दुरून कुणालाच दिसत नाही. असा ताबा आधीच दिला असेल तर इंटरनेट लगेच तोडा, ते ॲप काढा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला आणि बँकेला कळवा. ते लोक पुढे 'रिफंड'च्या नावाने पुन्हा फोन करतात. तो उचलू नका.