व्हीली शिकायला ३९० ड्यूक कशी? आधी मागचा ब्रेक बघा

केटीएम ३९० ड्यूक या मोटरसायकलचं नाव निघालं की बोलणं लगेच ताकदीवर जातं. व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून गाडी चालवणं, शिकणाऱ्याने ताकदीचा विचार सगळ्यात शेवटी करावा. पहिल्या गिअरला पुढचं चाक उचलण्याइतका जोर या गाडीत हवा त्याहून जास्तच आहे. बघायचं ते हे, की वर गेलेलं चाक उजव्या पायाच्या दाबाने हवं तेव्हा आणि हवं तितकंच खाली येतं का. या कसोटीवर गाडी चांगली उतरते. पण कुठली ड्यूक घेता आणि शिकायच्या आधी तिच्यावर काय काम करून घेता, यावर बरंच अवलंबून आहे.

ठाणे-नवी मुंबईत दोन पिढ्यांच्या ३९० सहज दिसतात. एक २०१७ पासूनची ३७३ सीसीची, साधारण ४३ पीएस आणि ३७ न्यूटन मीटर टॉर्कची. दुसरी सप्टेंबर २०२३ मध्ये ३.११ लाख शोरूम किमतीला आलेली ३९९ सीसीची, ४६ पीएस आणि ३९ न्यूटन मीटरची. रोजच्या वापराला नवीच उजवी. शिकायला मात्र आमची पसंती जुनीला, तीही सेकंड हँड. जुन्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जास्त फिरू लागलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे चाक उचलताना इंजिनची ताकद मध्येच कापली जात नाही. नवीत ते स्क्रीनवरून बंद करता येतं, पण गाडी चालू केली की आधी सेटिंग बघायची सवय लावावी लागते. ते चालू राहिलं तर चाक अर्ध्यावर उचलून धपकन खाली बसतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच क्लच चुकला. दुसरं कारण मागच्या सबफ्रेमचं, म्हणजे सीटखालच्या सांगाड्याचं. जुन्या गाडीची सबफ्रेम स्टीलच्या पाइपांची आणि बोल्टवर बसवलेली आहे, नवीची ॲल्युमिनियमची ओतीव. गाडी मागे उलटली तर पहिला फटका तिथेच बसतो. स्टील वाकतं, ओतीव ॲल्युमिनियमला तडा जातो.

आता ब्रेक. चाक वर जाताना गाडी मागच्या चाकावर तोलून राहते ती जागा म्हणजे बॅलन्स पॉइंट. त्याच्या अलीकडे असेपर्यंत रेस बंद केली की चाक खाली येतं. पलीकडे गेल्यावर रेस बंद करून किंवा क्लच दाबून भागत नाही, कारण गाडीचं वजनच मागे कललेलं असतं. तिथे फक्त मागचा ब्रेक गाडीला पुढे आणतो. म्हणून शिकणं उचलण्यापासून नाही, ब्रेकपासून सुरू होतं, आणि ३९० चा मागचा ब्रेक या कामाला पुरेसा बारीक आहे. पायाखाली एकदम चावत नाही, दाब वाढवाल तसा वाढतो. मात्र कारखान्यातून आलेली पेडलची उंची अनेकांना जमत नाही. बूट घालून फूटरेस्टवर पाय ठेवल्यावर चवडा न उचलता पेडलवर टेकला पाहिजे. पेडल वर असेल तर घोटा सतत ताणलेला राहतो आणि ऐन वेळी पाय उशिरा पडतो. उंची कमी-जास्त करायला दहा मिनिटं लागतात, मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सुपरमोटो मोडवर ठेवा. त्यात मागच्या चाकाचा एबीएस बंद होतो, पुढचा चालू राहतो. असं न केल्यास काय होतं ते समजून घ्या: हवेतलं पुढचं चाक हळूहळू मंदावतं, मागचं फिरत असतं, आणि दोन सेन्सरांच्या वेगात मेळ राहत नाही. अशा वेळी एबीएसच्या युनिटने मागच्या ब्रेकचा दाब सोडला तर तुमचा एकमेव आधार गेला. मीटरवर एबीएसचा दिवा लागू शकतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो गेला तर घाबरायचं कारण नाही, राहिला तर सेन्सर आणि वायरिंग तपासून घ्या.

पहिला सराव चाक जमिनीवर ठेवूनच. पहिला गिअर, १० ते १५ चा वेग, रेस थोडी उघडी आणि त्याच वेळी मागचा ब्रेक हलका दाबलेला. पायाला रेसच्या विरुद्ध ब्रेक लावायची सवय इथे लागते. मग चाक वीतभर उचला आणि रेस तशीच ठेवून ब्रेकने खाली आणा. वीतभरच. रेस बंद करून खाली आणण्याचा मोह होतो, पण त्याने पुढचा शॉकअप आपटतो आणि पाय काहीच शिकत नाही. ब्रेकचा दाब एकदम दिला तर मागचं चाक लॉक होऊन पुढचं चाक आदळतं, म्हणून आधी पेडलचा सैलपणा संपेपर्यंत दाबायचं, मग दाब वाढवायचा. हे पाय आपोआप करू लागला की पुढे जा, त्याआधी नाही.

क्लचने उचलणं ३९० ला सोपं आहे, आणि आम्ही शिकणाऱ्याला रेसच्या झटक्यापेक्षा क्लचच सुचवतो, कारण किती उचलायचं ते दोन बोटांत राहतं. १२ ते १५ च्या वेगात पहिला गिअर, रेस वाढवत साडेचार-पाच हजार आरपीएमकडे न्यायची, त्याच क्षणी दोन बोटांनी क्लच घर्षण सुरू होण्यापुरता ओढून पटकन सोडायचा. क्लच सुटताना रेस बंद होता कामा नये, तिथेच बहुतेकांचं चुकतं. रेस बंद झाली तर गाडी नुसती हिसका देते. उलट रेस जास्त आणि क्लच एकदम टाकला तर चाक छातीपर्यंत येतं, शरीर मागे सरकतं, मनगट ओढलं जातं आणि रेस आणखी उघडते. मागे उलटणाऱ्या पडण्याची सुरुवात बऱ्याचदा इथून होते. उपाय गुडघ्यांत आहे: टाकी गुडघ्यांनी धरा, कोपर सैल ठेवा, हँडल हाताने वर खेचू नका. खेचलं की गाडी एका बाजूला झुकत वर जाते. नजर लांब, मीटरवर नाही. उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवू नका, ब्रेक दाबलेल्या अवस्थेत चाक टेकलं तर ते घसरतं. आणि टेकताना हँडल सरळच हवं. वाकड्या हँडलवर चाक पडलं की हँडल दोन्ही बाजूंना जोरात झटके देतं.

पहिला गिअर छोटा आहे, लिमिटर (इंजिनचा आरपीएम ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सोय) लवकर लागतो आणि लागला की ताकद तुटून चाक आपटतं. लांब नेण्यासाठी दुसरा गिअर लागतो, पण तो वेग वाढल्यावरचा मामला आहे. पहिल्या गिअरला ब्रेकवर विश्वास बसेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढू नये.

चेनसेट बदलायचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. मूळ गाडीत पुढे १५ आणि मागे ४५ दातांचा सेट असतो. पुढे १४ टाकलं की प्रमाण ३.०० वरून ३.२१ होतं, म्हणजे ओढ सुमारे सात टक्के वाढते. शिकणाऱ्याला याची गरज नाही. चाक आणखी झटकन वर येतं, पहिला गिअर आणखी छोटा होतो आणि लहान स्प्रॉकेटवर (दातेरी चक्रावर) चेन जास्त वाकून लवकर झिजते. हे पैसे मागचे ब्रेक पॅड आणि डॉट ४ ब्रेक ऑइलवर घाला. सतत ब्रेक दाबून सराव करताना मागची डिस्क तापते, तिच्यावर निळसर झाक येते. पेडल मऊ लागायला लागलं की लगेच थांबायचं, ऑइल उकळायच्या बेतात असतं.

२०० ड्यूक स्वस्त पडते म्हणून बरेच जण ती घेतात. जोर १९ न्यूटन मीटरच्या आसपास, त्यामुळे क्लच वरच्या आरपीएमला टाकावा लागतो आणि प्लेटा लवकर जळतात. तिची एक बाजू मात्र चांगली: २०१८ च्या शेवटी आलेल्या मॉडेलला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचा ब्रेक सरळ पायाच्या हुकमात.

सरावाआधी इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असू द्या. चाक वर गेल्यावर ऑइल मागे सरकतं आणि पंपाला ते कमी मिळू शकतं. लांब व्हीलीत इंजिन खराब होण्याचं हे मोठं कारण आहे. डब्यावर जेएएसओ एमए२ (ऑइलमध्ये बुडालेला क्लच असणाऱ्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलंच ऑइल वापरा, नाहीतर क्लच सरकतो. टाकी निम्मी भरलेली ठेवा. क्लच लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळेपणा हवा. तो अजिबात नसेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि जळका वास येतो. आणि ही गाडी तापते. पहिल्या गिअरच्या हळू सरावात रेडिएटरवर वारा लागत नाही, त्यात इथला एप्रिल-मेचा दमट उकाडा. पंखा सतत फिरू लागला की गाडी बंद करून सावलीत घ्या.

जागेबद्दल स्पष्ट लिहितो. पाम बीच रोड, खारघरचे रुंद रस्ते, उलव्याचे मोकळे रस्ते, येऊरचा चढ, यातली एकही जागा व्हीलीसाठी नाही. तिथे पहाटे चालणारे आणि सायकलवाले असतात, आणि तुमचं चाक वर असताना पुढचं नीट दिसत नाही, वळताही येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्याबद्दल तुरुंगवासाचीही तरतूद आहे. लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिकच, त्यामुळे इमारती न झालेल्या प्लॉटांमधला रिकामा रस्ताही त्यात आला. तळोजा किंवा भिवंडीकडे एखाद्या गोदामाचं बंदिस्त आवार रविवारी रिकामं असतं. मालकाची लेखी परवानगी घ्या. सरळ दोनशे मीटर लांबी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, शेवटी भिंत किंवा खांब नको. पेव्हर ब्लॉक नकोत, काँक्रीट चालेल, पण आधी झाडून घ्या. पावसाळ्यात काँक्रीटवर शेवाळ धरतं, तेव्हा सराव बंद. फुल फेस हेल्मेट, पाठीच्या गार्डचं जॅकेट, ग्लोव्ह्ज, नी गार्ड आणि घोटा झाकणारे बूट लागतातच. सोबत एक माणूस हवाच, एकट्याने नाही.

सेकंड हँड ३९० घेताना आधीच्या मालकाने व्हीली मारल्या आहेत का ते गाडीच सांगते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. ऑइलचं बारीक वर्तुळ उमटलं असेल तर सील गेलं आहे. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या, मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, बदलावा लागणार. मागून उभं राहून टेललाइट आणि मागचं चाक एका रेषेत आहेत का बघा, सायलेन्सरच्या टोकावर ओरखडे आहेत का बघा. चालवताना तिसऱ्या-चौथ्या गिअरला कमी आरपीएमवरून रेस पूर्ण उघडा. आरपीएम झपाट्याने चढला आणि वेग तितका वाढला नाही तर क्लच प्लेटा संपल्या. कोनसेट, सील आणि प्लेटा तिन्हींचा खर्च किमतीतून वजा करून मगच सौदा करा, आणि मागच्या सबफ्रेमवर वेल्डिंगची खूण दिसली तर ती गाडी सोडून द्या.