अंगणवाडीची नवी इमारत की दुपारचं पाळणाघर: पंचायतीने आधी काय घ्यावं?

गोव्यातल्या ग्रामपंचायतीत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आराखड्यात रक्कम ठेवायची ठरली की पंचांपुढे बहुधा हे दोनच प्रस्ताव येतात. कुठला चांगला हे ठरवण्याआधी पंचायत सचिवांकडून एक गोष्ट समजून घ्या: पैसा कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या कुठल्या सदरात आहे?

15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची. पण अबंधित रक्कमसुद्धा पगार-मानधनाला चालत नव्हती. म्हणजे भिंतीला केंद्राचा पैसा मिळतो, मुलं सांभाळणाऱ्या बाईला मिळत नाही. तिचं मानधन घरपट्टी, व्यापार परवाना शुल्क अशा स्वतःच्या उत्पन्नातूनच निघणार. बार्देश तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या पंचायतीला ते झेपेल. सत्तरी तालुक्यातल्या लहान पंचायतीला जड जाईल. नव्या आयोगाच्या अटी ठरावाआधी तपासून घ्या.

इमारतीचं गणित बघू. साधारण 600 चौरस फूट लागतात: बसायची खोली, स्वयंपाकघर, कोठी आणि मुलांच्या उंचीचं शौचालय. केंद्राच्या निकषात त्याला 12 लाख धरले होते, म्हणजे चौरस फुटाला 2,000 रुपये. चिऱ्याचं बांधकाम आणि गोव्याचा पाऊस पाहता ही रक्कम ओढाताणीची आहे. पण काम खरं अडतं ते जागेवर. जमीन कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची), किंवा एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर भलत्याचंच नाव. मग ना हरकत दाखल्यातच वर्ष जातं आणि निधी अखर्चित राहतो. जागा पंचायतीच्या नावावर नसेल तर हा प्रस्ताव यंदा घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाळणाघराला नवी जागा लागत नाही. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि काजूच्या बागेत, हॉटेलात किंवा औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आईचे पुढचे चार-पाच तास तसेच राहतात. मूल मग पाचवी-सहावीतल्या बहिणीच्या गळ्यात पडतं. या तासांत खाणं, झोप, बोलणं, खेळणं नीट मिळालं तर त्याचा उपयोग नव्या फरशीपेक्षा कितीतरी जास्त. 25 मुलांमागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस धरा. दोघींना प्रत्येकी रोज 500 रुपये, महिन्याचे 25 दिवस: वर्षाला 3 लाख. इमारतीच्या 12 लाखांत हे चार वर्षं चालतं, पण हिशेबापुरतंच, कारण ते पैसे इकडे वळवता येत नाहीत. म्हणून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडी-सह-पाळणाघर मिळतं का, हे तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आधी विचारा. तिथे खर्च केंद्र आणि राज्य 60:40 वाटून घेतात.

पाळणाघरं बंद पडतात ती मानधन रखडल्यामुळे. दोन-तीन महिने पैसे आले नाहीत की बाई दुसरं काम धरते, आणि लळा लागलेली मुलं नव्या बाईकडे राहायला तयार होत नाहीत. वर्षभराचं मानधन आधीच बाजूला काढलेलं नसेल तर सुरुवातच करू नका.

दोन्हींच्या आधी करण्यासारखं एक स्वस्त काम आहे: आहे त्या अंगणवाडीची डागडुजी. छपराचे नळे (कौलं) जूनआधी, एप्रिल-मेमध्ये परतून घ्या. कोठीत ओल आली की धान्याला बुरशी धरते आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज मिळायचा 500 किलोकॅलरीचा आहार तिथेच बिघडतो. शौचालय आणि पिण्याचं पाणी बंधित रकमेतून बसतं. वजनकाटा ठरावीक वजनाच्या मापाने तपासून घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते. उभं करून मोजलं तर सुमारे 0.7 सेंटीमीटर कमी भरते आणि धडधाकट मूल खुजं ठरू शकतं.

जागेचे कागद साफ असतील आणि सध्याची अंगणवाडी भाड्याच्या खोलीत असेल तर इमारत घ्या. छप्पर ठीक असेल आणि स्वतःचं उत्पन्न वर्षाला 3 लाख सोसत असेल तर पाळणाघर. ठरावात मात्र ‘बालविकासासाठी तरतूद’ एवढंच लिहू नका. वाडा (गावातली वस्ती), मुलांची संख्या, वेळ आणि मानधन कुठल्या शीर्षातून जाणार, हे चारही लिहा.