प्रौढ शिक्षणाचं जर्नल चालवायचंय: छापील अंक, मोठा प्रकाशक की स्वतःची ओजेएस वेबसाइट?

एका मैत्रिणीच्या संस्थेत संपादक निवृत्त झाले आणि जर्नल तिच्या गळ्यात पडलं. चार कपाटं जुने अंक, आणि विश्वस्त म्हणतायत "ऑनलाइन करून टाका", जणू लाइटबिल भरायचंय. मी सहा वर्षं अशाच एका छोट्या सहामाहीचा सहसंपादक होतो, त्यामुळे तिला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितोय, ज्यांना असाच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी.

आधी एक बघा, तुमचा अंक वाचणार कोण. आपल्या विषयाची गोची अशी की लिहितात प्राध्यापक, आणि उपयोग व्हायला हवा साक्षरता वर्गावर शिकवणाऱ्याला, विस्तार विभागातल्या माणसाला, संस्थेच्या कार्यकर्त्याला. त्यातून विषयाचं नावही एक राहिलेलं नाही, विद्यापीठं "आजीवन अध्ययन" म्हणतात आणि २०२२ च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात सरकारने "प्रौढ शिक्षण" सोडून "सर्वांसाठी शिक्षण" असं केलं. (कीवर्डमध्ये तिन्ही टाका, नाहीतर शोधणाऱ्याला तुम्ही सापडणारच नाही.)

छापील अंकाबद्दल थोडक्यात. १९३९ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रौढ शिक्षण संघासारख्यांची परंपरा छापील जर्नलचीच. अंक हातात पडला की लोक वाचतात, पत्रं येतात, हे खरंय. नियतकालिकांच्या २०२३ च्या नव्या कायद्यात अ‍ॅकॅडेमिक जर्नल येतच नाही, म्हणजे ती नोंदणीची कटकटही नाही. पण कागद, छपाई, टपाल हे सगळं वर्गणीतून भागत नाही, आणि आमच्याकडे तर तीस वर्षांपूर्वी पाचशे रुपये भरलेले आजीव सभासद होते, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, पण प्रत्येक अंक त्यांना आमच्या खिशातून जायचा.

मोठा प्रकाशक म्हणजे अमेरिकेतल्या प्रौढ शिक्षण संघटनेचं 'अ‍ॅडल्ट एज्युकेशन क्वार्टर्ली' जसं सेज या प्रकाशकाकडे आहे तसं. सबमिशनची सिस्टिम त्यांची, डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) त्यांचा, प्रूफं-लेआउट त्यांचं, आणि स्कोपसमध्ये (जगभरच्या निवडक जर्नलांची मोठी सूची) जायची वाट जरा सोपी. पण तिथे मराठी लेखाला जागा नाही असंच धरून चाला, आणि वेळेवर भरपूर चांगले इंग्रजी लेख येत राहिले तरच ते तुम्हाला दारात उभं करतील. करारात एकच कलम दहा वेळा वाचा, जर्नलच्या नावाची मालकी कोणाची आणि सोडून जायचं झालं तर जुने अंक कोणाचे. आणि वाचायला पैसे लागतात, नाहीतर लेखकाने भरायचे. आता कोणी म्हणेल की 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय की, सरकारच सगळ्यांच्या वतीने जर्नलांची वर्गणी भरतं. आलंय, जानेवारी २०२५ पासून, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नलं, ६,३०० च्या वर सरकारी संस्था, तीन वर्षांचे ६,००० कोटी. सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो. पण खाजगी विनाअनुदानित कॉलेज आणि साक्षरतेत काम करणाऱ्या संस्था त्या योजनेच्या बाहेरच आहेत, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो परत दाराबाहेर.

राहिलं ओजेएस, म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स. कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं, जर्नल ऑनलाइन चालवायचं फुकट सॉफ्टवेअर, जगभर हजारो जर्नलं त्यावर चालतात. युरोपातल्या प्रौढ शिक्षण संशोधकांच्या ईएसआरईए या संघटनेचं 'रेला' बघा, २०१० पासून चालू आहे, वाचायला फुकट, लेखकालाही फी नाही. मला हे मॉडेल आपल्या विषयाला शोभतं असं वाटतं, शिक्षण सगळ्यांना म्हणायचं आणि शिक्षणावरचा लेख कुलपात ठेवायचा हे मला कधी पटलंच नाही. पण फुकट हा शब्द जपून वापरा. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळखक्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो (ऑनलाइनसाठी वेगळा घ्यावा लागतो, छापील चालत नाही). पण होस्टिंगचे पैसे लागतात, आणि डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची फी, लहान प्रकाशकाला ती बरीच वर्षं २७५ डॉलर होती, वर नव्या लेखामागे एक डॉलर. डीओएजेमध्ये (वाचायला फुकट असलेल्या जर्नलांची जागतिक यादी) नोंद फुकट होते पण वर्षाला किमान पाच संशोधन लेख लागतात, आणि आमचं एक वर्ष चारवर अडलं होतं! बॅकअप, अपग्रेड, रोज येणारे शेकडो खोटे रजिस्ट्रेशन, हे सगळं कोणाच्यातरी रविवारवर चालतं. आमच्याकडे तो रविवार माझा होता.

मराठीवाल्यांसाठी खास: जुने अंक पेजमेकरमध्ये श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) लावलेले असतील तर त्याच पीडीएफ चढवू नका. डोळ्याला मराठी दिसतं पण आत निव्वळ कचरा असतो, गुगल स्कॉलरला एक शब्द कळत नाही. युनिकोडमध्ये आणावंच लागतं, त्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

लेखकांचं म्हणाल तर, आधी प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न "सर, केअरमध्ये आहे का?" पुणे विद्यापीठातून चालणारी ती यूजीसी-केअर, म्हणजे मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली, आता विचारतात "स्कोपस?" यादीसाठी येणारे लेख कमी होतील हे धरूनच चला, मला विचाराल तर बरंच झालं, निम्मे तर बढतीच्या मार्कांसाठीच लिहिलेले असायचे.

मैत्रिणीला मी ओजेएसच सुचवलं, वर्षाला दोनच अंक, दोन मानधनावरची माणसं (एक प्रूफं आणि मराठी बघणारं, एक तांत्रिक), आणि कार्यकर्त्यांना वाटायला शंभरेक छापील प्रती. ते मानधन विश्वस्त लेखी कबूल करत नसतील तर छापीलच चालू ठेवा, अर्धवट पडलेली वेबसाइट त्याहून वाईट. आणि डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, कुठल्या सरांच्या जीमेलवर नको, सर निवृत्त होतात, डोमेन सुटतं आणि त्याच नावाने कोणीतरी पैसे घेऊन लेख छापायला लागतं, केअरवाल्यांना अशा नकली जर्नलांची वेगळी यादी करावी लागली होती.

तिने अजून ठरवलेलं नाही. पण कपाटात १९८८ च्या साक्षरता मिशनच्या वेळचे अंक आहेत आणि खालच्या फळीला वाळवी लागलीय, त्यामुळे स्कॅनिंग पुढच्या सोमवारपासून सुरू.