हार्डटेल एमटीबी आणि पुण्याजवळच्या वाटा : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

कॉलेज सुटल्यापासून मातीतली सायकल बंदच होती. डांबरी रस्त्यावर अधूनमधून खडकवासला, बोपदेव घाट वगैरे होत राहिलं, पण टेकडीवर चाक घालणं नाही. यंदा होळीच्या सुमारास नवीन हार्डटेल घेतली, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी (माउंटन बाइक, मातीत चालवायची सायकल), आता दिवाळी उलटून गेलीय, कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा दोन्ही बघून झाले, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूवरून काही कळत नाही, नवी सायकल सगळ्यांचीच छान चालते.

कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही कारण सत्तर-ऐंशी हजारांच्या आसपास चार-पाच कंपन्या जवळजवळ हीच सायकल देतात. अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे १०० मिमी दबणारा एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा, हवेवर चालणारा सस्पेन्शन), २९ इंची चाकं, २.२५ इंच रुंद टायर, शिमानो डिओरेचे १ बाय ११ गिअर (पुढे एक चकती, मागे अकरा), मागे ११ ते ५१ दातांची कॅसेट (चकत्यांचा गठ्ठा) आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. माझं वजन पंचाहत्तरच्या आसपास, आणि चालवतो ते मुख्यतः शहराच्या टेकड्यांवर आणि बोपदेव चढून पलीकडे गराडे, कोडीत, सासवडच्या बाजूच्या माळावर.

मधल्या वर्षांत एमटीबी किती बदललीय हे चालवल्याशिवाय समजत नाही राव. आमच्या वेळी २६ इंची चाकं, पुढे तीन चकत्या, व्ही ब्रेक, आणि फोर्क म्हणजे आत नुसती स्प्रिंग. आता पुढे एकच चकती, तिचे दात एकाआड एक जाड-बारीक असतात आणि मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चेन ताणून धरणारा क्लच असतो, त्यामुळे दगडांवरून उतरताना चेन फटाफट आपटत नाही आणि पडतही नाही. ५१ दातांच्या गिअरवर बसून मुरमाचा उभा चढ सावकाश चढता येतो, उतरून ढकलायची वेळ फार कमी येते. २९ चं चाक डोक्याएवढ्या दगडावरून सहज जातं, २६ ला तिथे थेट ठोकर बसायची.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ब्रेकबद्दल, कारण या सगळ्या महिन्यांत मी जे काही शिकलो ते ब्रेकपाशीच येऊन थांबतं. जुन्या व्ही ब्रेकमुळे उतारावर मागचं चाक लॉक करून फरफटत उतरायची सवय लागायची, पोरं त्यालाच स्टाइल म्हणायची. हायड्रॉलिकला एका बोटाने थांबता येतं. तर्जनी लिव्हरवर, बाकी तीन बोटं हँडलवर, आणि बराचसा वेग पुढच्या ब्रेकने कमी करायचा, हळूहळू दाब वाढवत, वजन मागे आणि खाली, टाचा खाली. सुरुवातीला पुढच्या ब्रेकची भीती वाटते, पण चाक लॉक होत नाही तोवर ते तुमच्या ताब्यात असतं, आणि मागचं चाक घसरायला लागलं की ना सायकल थांबते ना वळते. वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक जवळजवळ सोडून द्यायचा. एवढं जमल्यावर तळजई टेकडीच्या मागच्या उतारावर माझा वेगही वाढला आणि वाटेवर रेघही उमटेना.

ही रेघ फार महत्त्वाची आहे. आपल्या टेकड्यांचा वरचा थर म्हणजे सुटा मुरूम आणि त्याखाली कातळ, माती जेमतेम बोट-दोन बोटं. चाक घसरलं की ते वरचं सगळं खरवडून निघतं आणि उताराच्याच दिशेने एक पन्हळ तयार होते. जूनचा पहिला पाऊस त्याच पन्हळीतून वाहतो. एप्रिलमध्ये कुणीतरी मारलेल्या स्किडची खूण मी एका वळणावर बघून ठेवली होती, बोटभर खोल असेल. ऑगस्टमध्ये तिथे वीतभर खोल ओघळ झालेली, तळाशी धुऊन निघालेले पांढरट खडे, कडेच्या गवताची मुळं उघडी पडलेली, आणि चालणाऱ्यांनी ओघळ टाळायला शेजारून नवी वाट पाडलेली. म्हणजे आता वाट दुप्पट रुंद आणि गवत तेवढं कमी. पाणी, खुरं आणि चपला यांचाही वाटा असतोच, सगळा दोष सायकलींचा नाही, पण घसरणारं चाक आपण सहज टाळू शकतो आणि टाळलं की आपणच जास्त चांगले चालवायला लागतो. मला तरी या सायकलचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, चांगले ब्रेक आणि चांगले टायर असतील तर वाटेला त्रास न देता जोरात जाता येतं.

टायरमध्ये हवा किती हा दुसरा भाग. दुकानातून सायकल आली तेव्हा ४५ पीएसआय होते, दगडासारखे टणक, मुरमावर चाक नुसतं नाचत होतं. आता ट्यूबलेस करून (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट) पुढे २२, मागे २५ ठेवतो. टायर जमिनीला धरून राहतो, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरत नाही, म्हणजे तिथलीही माती उकरली जात नाही. ट्यूबलेस करा म्हणजे कराच, आपल्याकडे दुसरा इलाज नाही. उन्हाळ्यात माळावर सराटे पसरलेले असतात, बाभळीच्या फांद्या मेंढ्यांसाठी तोडून वाटेवर पडलेल्या असतात, ट्यूबवाल्या मित्राची अर्धी सकाळ पंक्चर काढण्यात जाते. ट्यूबलेसमध्ये काटा उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, सीलंट फसफसतं आणि बसतं. फक्त आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या भरवशावर राहू नका, चाक कानाशी धरून हलवा, आत पाणी खळखळलं नाही तर भरायची वेळ झाली.

फोर्कचं थोडक्यात. एअर फोर्क असेल तर शॉक पंप सोबतच घ्या, आपल्या वजनाने तो वीस-पंचवीस टक्के बसला पाहिजे एवढी हवा ठेवा. सर्व्हिस तासांवर असते, खालच्या नळ्यांची साफसफाई आणि तेल साधारण ५० तासांनी, आणि आपल्या धुळीत ती लांबवण्यात अर्थ नाही. राइडहून आल्यावर चकचकीत नळ्या मऊ फडक्याने पुसायला मिनिटही लागत नाही.

आता पावसाळा. इथे दोन प्रकारच्या जमिनी वेगळ्या समजून घ्यायला लागतात. मुरमाच्या उतारावरून पाणी लगेच निघून जातं, पाऊस थांबून एक दिवस कोरडा गेला की चाक रुतत नाही. काळी माती मात्र भयंकर. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते, त्यावर खडे आणि गवत चिकटतं, आणि थोड्याच वेळात मागचं चाक फ्रेममध्ये फिरेनासं होतं. डिरेलरमध्ये गोळा अडकला आणि तुम्ही जोर लावला की हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकलाच समजा. आणि जी चाकोरी आपण त्या मातीत पाडतो ती ऊन पडल्यावर विटेसारखी वाळते आणि पुढचे कित्येक महिने बैलगाडीवाल्याला, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या सायकलींना, सगळ्यांना तिच्यातूनच जावं लागतं. म्हणून माझा नियम साधा आहे, चाकाची खूण मागे खोल उमटत असेल तर वळायचं आणि डांबरी रस्त्याने घरी. पावसाळ्यात मी घाटरस्ते करतो आणि मधूनमधून खडकाळ वाटा, बस.

कासला सायकल घेऊन जायचा प्लॅन ग्रुपवर दर वर्षी होतो. रस्त्याने जरूर जा, सातारा ते कास रस्ता सुंदरच आहे. पण पठारावर चाक घालू नका. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा युनेस्कोच्या वारसा यादीत २०१२ साली गेल्या त्यात कास आहे, पण यादीत नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. तिथे जांभ्याच्या सड्यावर मातीचा पातळ पापुद्रा असतो, सीतेची आसवं, तेरडा सगळं त्याच पापुद्र्यावर उगवतं, आणि तो निघाला की खाली नुसता दगड. फुलं नाहीत म्हणून उन्हाळ्यात चालतं असंही नाही, बिया आणि कंद तेव्हा तिथेच असतात.

माळरानाचंही तसंच आहे. लोकांना ते ओसाड वाटतं, म्हणून कुठूनही सायकल घालतात, जीपवाले तर विचारूच नका. पुणे जिल्ह्याच्या याच माळांवर लांडगे आहेत, चिंकारा आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे सायकल हाणायला जायचा विचारच नको. बाकी माळावर आहे त्या गाडीवाटेवरूनच जायचं. मे महिन्यात कोडीतच्या वर एका वाटेवर टिटवी डोक्यावर घिरट्या घालायला लागली, ओरडून ओरडून अगदी टोपीपर्यंत खाली येत होती. मी जागीच थांबलो, पाय टेकला, आणि पुढच्या चाकाच्या हातभर पुढे बघितलं तर चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, मुरमाच्याच रंगाची, त्यावर काळसर डाग, घरटं म्हणावं असं काही नाही, नुसता खळगा आणि कडेला चार खडे. वेगात असतो तर दिसलीच नसती. सायकल उचलून मागे आलो आणि बराच लांबून वळसा घेतला. उन्हाळ्यात टिटवी ओरडायला लागली की थांबून जमीन बघा, एवढंच सांगणं आहे. पहाटे अंधारात लाइट लावून निघत असाल तर वाटेवर रातवे (रात्री फिरणारे पक्षी) बसलेले असतात, डोळे लालसर चमकतात, तिथेही सावकाश.

माणसांबद्दल. शहरातल्या टेकड्यांवर सकाळी सहा ते नऊ चालणाऱ्यांची गर्दी असते, त्यात साठी-सत्तरीची माणसं खूप. त्यांच्या मागून पन्नास फुटांवर स्किड मारत येणं हा गुन्हाच आहे माझ्या मते. बेल लावा, साधी पितळी बेल, लांबून एकदा वाजवा, जवळ आल्यावर चालण्याच्या वेगावर या आणि तोंडाने सांगा, "काका, उजवीकडून येतोय". बहुतेक जण हसून बाजूला होतात, काही जण सायकलबद्दल विचारतात, मग पाच मिनिटं गप्पा. चालणाऱ्याला आधी वाट, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हे जगभर चालतं. सायकल आणू नका अशी पाटी असेल तिथे नाहीच न्यायची, वनखात्याच्या माणसाशी हुज्जत घालायची नाही.

यामागे एक जुना किस्सा आहे. हा खेळ सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत रुजला, माउंट टॅमलपायसच्या परिसरात पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन उतरायची. १९७६ पासून तिथे रीपॅक नावाची शर्यत व्हायची, हे नाव पडलं कारण उतारात मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी हब उघडून पुन्हा भरायला लागायचं. आणि जिथे खेळ वाढला त्याच डोंगरावर चालणारे आणि घोडेवाल्यांशी भांडणं होऊन अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. अशाच भांडणांतून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून इम्बा ही संघटना काढली, तिचे वाटेवरचे नियम आज सगळीकडे वापरतात. आपल्याकडे टेकड्या आधीच कमी आणि त्यांच्यावर डोळा असणारे जास्त, चालणारी माणसं आपल्या बाजूने हवीत.

गावाकडे गेलात तर बांधावरून सायकल नेऊ नका, बांध ढासळतो आणि त्यावरून भावाभावांत भांडणं असतात, आपण त्यात कशाला. फाटक बंद असेल तर बंद करून पुढे, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. मेंढरं समोर आली की उतरून बाजूला उभं राहायचं. कळपाची कुत्री धावून आली तर पळायचं नाही, उतरून सायकल मध्ये धरायची आणि मेंढपाळाला हाक मारायची, "दादा, कुत्रं आवरा". तो एक शीळ घालतो, संपलं. आणि किल्ल्यांच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याचे व्हिडिओ करू नका, एवढी मोकळी जागा आहे की.

तक्रारी. पहिली, डिरेलरचा हँगर. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, माझा सप्टेंबरमध्ये एका दगडावर वाकला आणि दुकानदाराने तीन आठवडे आज येईल उद्या येईल करत ठेवलं. शेवटी दुसरीकडून मागवला. दुसरी, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या मधल्या दांड्याचं बेअरिंग) पावसात करकरायला लागलं, उघडलं तर जोडणी करताना ग्रीस लावलेलंच नव्हतं. तिसरी, डिस्कवर बारीक अक्षरात लिहिलंय की फक्त रेझिन पॅड (मऊ प्रकारचे ब्रेक पॅड) चालतील, आणि ते चिखलपाण्यात फार पटकन झिजतात. धुताना प्रेशर पंप वापरू नका, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं, बादली आणि ब्रश पुरे. उन्हाळ्यात पातळ, कोरडं चेन ऑइल, पावसात घट्ट, उलटं केलंत तर धूळ चिकटून चेन घासली जाते. ११ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर कॅसेटही जाते.

घेणार असाल तर फुल सस्पेन्शनच्या मागे लागू नका, आपल्या बहुतेक वाटांना १०० ते १२० मिमीची हार्डटेल भरपूर आहे. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, शॉक पंप, ट्यूबलेसचं सामान आणि एक जादा ट्यूब घ्या. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा की या मॉडेलचा हँगर आत्ता तुमच्याकडे आहे का. असेल तर सायकलसोबत लगेच दोन घेऊन टाका.