जुना बाजार, मंगळवार पेठ : घेऊन विकणाऱ्याच्या नजरेतून

पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार हौशी ग्राहकांइतकाच, वस्तू घेऊन, स्वच्छ करून पुन्हा विकणाऱ्यांच्याही उपयोगाचा आहे. माझ्या मते येथे सर्वांत भरवशाचा माल म्हणजे तांब्या-पितळेची भांडी; वजनाला मोडीच्या भावाने गुणले की घंगाळाची किंवा समईची किमान किंमत हाती येते, आणि त्याच्या आसपास सौदा झाला तर वस्तू पडून राहिली तरी मोठे नुकसान होत नाही. खिशात लहानसे चुंबक अवश्य ठेवावे, कारण पितळेचा मुलामा दिलेले लोखंड त्याला लगेच चिकटते. भोक बुजवण्यासाठी बुडाला धातूचा डाग दिलेला आहे का, हेही उजेडात धरून पाहावे.

एचएमटीच्या चावीच्या घड्याळांना मागणी चांगली आहे. कंपनीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतल्यानंतर ती संग्राहकांची वस्तू झाली. मात्र अनेक तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात, म्हणून अक्षरांच्या कडा भिंगातून तपासाव्यात. पसरट छपाई दिसली, तर संग्राहकाचा भाव मुळीच देऊ नये.

विक्रेते मोकळेपणाने घासाघीस करू देतात, ही मला मनापासून आवडलेली गोष्ट. पावती सहसा मिळत नाही, ही खरी उणीव. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा असल्याने बिलाविना मोबाइल येथून घेऊ नये.